वीतभर मासा आणि आमचे तीन उन्हाळे

माझी वीत बरोब्बर आठ इंच भरते. चाळिशी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं, मोजायची वेळच कधी आली नव्हती. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका तळ्याच्या लाकडी धक्क्यावर बसून ओला मासा डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताची वीत पट्टीवर टेकवली, तेव्हा कळलं. आता आमच्याकडे मासा ठेवायचा की सोडायचा हे त्या वितीवर ठरतं. ते तसं का ठरतं हे कळायला मला तीन उन्हाळे लागले, म्हणून जमेल तसं लिहून ठेवते.

आम्ही राहतो ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, एका उपनगरात. दर जूनमध्ये लेकीची शाळा संपली की आठवडाभर 'वर' जातो. वर म्हणजे उत्तरेला, इथे सगळेच तसं म्हणतात. हायवे १० ने सेंट क्लाउड, पुढे वडीना, तिथून ७१ धरायचा आणि पार्क रॅपिड्स, साधारण साडेतीन तास. वडीना सोडलं की शेतं कमी होत जातात आणि पाइन आणि बर्चची झाडं सुरू होतात, मधेमधे झाडांतून पाणी चमकतं, एक तळं संपतंय तोवर दुसरं. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर दहा हजार तळी असं लिहिलेलं असतं पण दहा एकरांहून मोठी तेवढीच मोजली तरी ती ११,८४२ भरतात. हिमयुगातला बर्फ वितळताना जे खड्डे मागे राहिले त्यांची ही तळी. आमचं तळं त्यातलंच एक, छोटं, नाव सांगणार नाही कारण शेजारच्या आजोबांना तसा शब्द दिलाय.

आम्ही धरतो ते पॅनफिश, म्हणजे तव्यात अख्खा मावेल एवढा मासा. ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॉपी, पर्च, रॉक बास हे सगळे त्यात आले. इथली माणसं ब्लूगिलला बहुतेक वेळा ब्लूगिल म्हणत नाहीत, सनी म्हणतात, सनफिशचं लाडाचं नाव. वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक हे मोठे मानाचे मासे, त्यांचा सीझन मे महिन्यात उघडतो तेव्हा अर्धं राज्य बोटी घेऊन उत्तरेला निघतं. सनी मात्र वर्षभर धरता येतो आणि इथल्या जवळजवळ प्रत्येक पोराचा पहिला मासा सनीच असतो. लेकीला आठव्या वर्षी हीच हौस लागली, तिच्या वर्गातले सगळे मासे धरून आले होते म्हणून, आणि २०२२ च्या जूनमध्ये आम्ही पहिल्यांदा रॉड घेतले.

लायसन्स ऑनलाइन निघालं, दहा मिनिटांचं काम. इथल्या रहिवाशाला तेव्हा वर्षाचे २५ डॉलर होते आणि १६ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागतच नाही. रॉडचं मात्र चुकलं. एका मोठ्या दुकानात गेलो, आम्हाला काही माहीत नाही असं सरळ सांगितलं, तर तिथल्या माणसाने सात फुटी जाडजूड रॉड, बारा पौंड ताण सोसणारी दोरी आणि हाताच्या बोटाएवढे हुक असं सगळं बांधून दिलं. आम्ही विश्वासाने घेतलं. पाइकसाठी चाललं असतं ते. सनीचं तोंड केवढं असतं हे ज्याला माहीत आहे तो आठ वर्षांच्या मुलीच्या हातात हे देणार नाही, मला अजून राग येतो त्याचा, कारण त्यापायी तिचे तीन दिवस गेले.

तीन दिवस ती धक्क्यावर उभी. खाली पाण्यात मासे दिसतायत, धक्क्याच्या सावलीत चांगले पंधरा-वीस, गांडूळ खाली गेलं की गोळा होतात, टुकटुक टोचे मारतात आणि दोन मिनिटांत हुक रिकामा. संध्याकाळ झाली की डास फोडून काढायचे, पायाला गोचिड्या, पण ती हटायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी बाजूच्या केबिनमधले आजोबा आपली पेटी घेऊन आले. ते आणि त्यांची बायको गेली चाळीस वर्षं त्याच केबिनला येतात. आमचा हुक हातात घेऊन त्यांनी फक्त मान हलवली आणि पेटीतून एक बारीक तार काढल्यासारखा हुक काढला, आठ नंबरचा, लांब दांडीचा.

मग म्हणाले, 'याचं तोंड वाटाण्याएवढं आहे, गांडूळ पण तेवढंच लावायचं.'

आम्ही अख्खं गांडूळ लोंबत ठेवत होतो, मासा टोक ओढून खायचा आणि हुकपर्यंत पोचायचाच नाही. त्यांनी नखाने अर्धा इंचाचा तुकडा तोडला, हुकच्या टोकावर चढवला, वर करंगळीच्या पेराएवढा बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, मधे एक बारीकसं वजन, दोरी चार पौंडांची. आणि स्वतःचा साडेपाच फुटी काडीसारखा रॉड लेकीच्या हातात दिला. लांब दांडीचा हुक का, तर मासा गिळतो तेव्हा दांडी बाहेर राहते, चिमट्याने धरून काढता येतो, माशाच्या आत जखम होत नाही.

बॉबर पहिल्यांदा थरथरला. ती ओढायला गेली तर आजोबा म्हणाले थांब. मग तो आडवा सरकायला लागला, वर-खाली नाही, आडवा, कुणीतरी खालून हळूच नेतंय असा, आणि एकदम दिसेनासा झाला. तिने मनगट वर केलं आणि त्या काडीचं धनुष्य झालं. ब्लूगिल चपटा असतो, ताटलीसारखा, ओढला की अंग आडवं घालून गोल गोल फिरतो, त्यामुळे पाव किलोच्या आतला मासा पण हलक्या रॉडवर असा जोर लावतो की मोठ्या माणसाचा हात थरथरतो. वर आला तेव्हा लेक ओरडायची पण विसरली होती.

मी पहिल्यांदा जवळून बघितला तो. पाठ शेवाळी काळपट, अंगावर उभे गडद पट्टे, गालाखाली आणि कल्ल्यांच्या कडेला निळसर झाक, त्यावरूनच नाव. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला एक काळा कुळकुळीत ठिपका, कानासारखा दिसणारा, पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला अजून एक पुसट काळा डाग. छाती हळदीच्या ओल्या डागासारखी पिवळी. कानाला लाल-केशरी ठिपका असेल आणि गालावर निळ्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर तो पम्पकिनसीड, तो तर असा रंगीत असतो की लेकीला खरा वाटला नव्हता. धरायची पण पद्धत आहे, आधी हात ओला करायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मासा नंतर आजारी पडतो, मग डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचे काटे दाबून घ्यायचे. उलटा हात गेला तर तळव्यात काटा शिरतो, चांगलाच ठणकतो.

त्या वर्षी आम्ही बारा-पंधरा धरले असतील, सगळे चार-पाच इंची, सगळे सोडले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा आले होते. आमचं गाव चिपळूणच्या बाजूचं, घरामागून पऱ्या, म्हणजे ओढा, जातो, बाबांचं अर्धं लहानपण त्या पऱ्यावर गरवण्यात, गळाने मासे धरण्यात गेलंय. बांबूची काठी, गरी आणि मातीखालून उकरलेली गांडुळं. त्यांच्यासाठी परराज्यातल्या माणसाचं सात दिवसांचं लायसन्स काढलं तर म्हणाले, 'गरवायला कागद लागतो होय, बरं आहे हां, कोणी किती धरले ते कळतं तरी.' एका माणसाला एकच दोरी टाकता येते हा नियम पण त्यांना पटला. पटलं नाही ते एकच, गोड्या पाण्याचा मासा. कोकणातला माणूस, बांगडा-सुरमईवर वाढलेला, त्यांचं मत होतं की तळ्यातल्या माशाला मातीचा वास येणार.

आजोबा आणि बाबा यांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती पण दोन दिवसांत दोघं पहाटे साडेपाचला धक्क्यावर शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी आजोबांनी आम्हाला बोटीत घातलं, चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात नेलं. तिथे लव्हाळी आहे, पुढे कमळाची पानं, आणि मधे वाळूचा उथळ पट्टा, तीन-चार फूट पाणी. इंजिन बंद केलं, मला त्यांचा पोलराइज्ड गॉगल दिला, पाण्यावरची चमक कापणारा, आणि म्हणाले खाली बघ.

पाण्याखाली कुणीतरी पंगत मांडली होती. गोल गोल थाळ्या, एकीला एक लागून, तीस-चाळीस तरी, शेवाळ्याच्या करड्या तळावर घासून पांढऱ्या केलेल्या. आणि प्रत्येक थाळीवर एक एक मोठा गडद मासा, जागच्या जागी शेपूट हलवत. ही ब्लूगिलची घरटी. पाणी ६७-६८ फॅरनहाइटच्या वर गेलं, म्हणजे आपल्या भाषेत वीस अंश सेल्सिअस, की नर उथळ पाण्यात येतात आणि शेपटीने माती उडवून खड्डा करतात. इकडे वर ते मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतं. मादी येते, अंडी घालते आणि जाते, एका घरट्यात अनेक माद्यांची अंडी असतात. त्यानंतरचं सगळं नराचं काम. अंडी फुटायला पाण्याच्या उबेप्रमाणे दोन ते पाच दिवस, त्यानंतर पिल्लं पोहायला लागेपर्यंत अजून काही दिवस, तोवर तो जागा सोडत नाही, धड खात नाही, शेपटीने ताजं पाणी अंड्यांवर वारत राहतो आणि जो जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. छाती तेव्हा तांबडी-केशरी होते, तापलेल्या तांब्यासारखी.

अंगावर जातो म्हणूनच तो गळाला पटकन लागतो. भूक म्हणून नाही, घरट्यात काहीतरी पडलं म्हणून तोंडात धरून बाहेर टाकायला जातो.

आजोबांनी आम्हाला ते दाखवायला आणलं होतं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आपले आपण गेलो. आणि मी हे लपवणार नाही, त्या सकाळी आम्ही वीस मासे ठेवले, सगळे त्या घरट्यांवरचे. टाकला की लागला, टाकला की लागला, नऊ इंची, साडेआठ इंची, हातात मावेनात. कायद्याने काही चूक नव्हतं, राज्यात सनीची मर्यादा माणशी २० आहे, ती घरच्या फ्रीजरमधले पण धरून, आणि आम्ही तर तिघांत मिळून वीसवर थांबलो होतो. बाबा खूश, लेक खूश, मी फोटो काढतेय. परत येताना मात्र एका रिकाम्या थाळीकडे माझं लक्ष गेलं. तिच्यावर दहा-बारा बारके मासे तुटून पडले होते, डोकी खाली, शेपट्या वर, कबुतरं दाणे टिपतात तसे. आम्ही मालक उचलून नेला होता आणि ते अंडी खात होते. पाच मिनिटं पण झाली नसतील.

आजोबा केबिनमागे मासे साफ करायच्या ओट्यावर भेटले. टोपली बघितली, रागावले नाहीत. एक मासा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, 'हा किती वर्षांचा असेल सांगा.' मी म्हटलं दोन, फार तर तीन. म्हणाले, 'इथल्या थंड पाण्यात एवढा व्हायला सात-आठ वर्षं सहज लागतात. तुमच्या मुलीच्या वयाचा आहे.'

लेक तिथेच उभी होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन डीएनआरच्या, म्हणजे इथल्या निसर्गसंपदा खात्याच्या साइटवर वाचून पण काढलं. तळ्यात मोठे नर असले की छोटे नर वयात यायची घाई करत नाहीत, कारण घरट्यासाठी मोठ्यांशी टक्कर देऊन उपयोग नसतो, ते आधी अंगाने वाढतात. मोठे नर काढून टाकले की पाच इंचाच्या पोराला पण मैदान मोकळं, तो लगेच घरटं करतो, सगळी ताकद तिकडे जाते आणि वाढ तिथेच खुंटते. काही नर तर घरटं करतच नाहीत, मादी अंडी घालत असताना मधेच घुसून जातात, काही मादीसारखे दिसून आत शिरतात, त्यांची पोरं पण दुसराच सांभाळतो. मोठे नर कमी झाले की एकूण तळंच बारक्या माशांचं होऊन बसतं. मासे संपत नाहीत, उलट खूप असतात, पण सगळे तळहाताएवढे. आपल्याला उलट वाटतं, की मोठा म्हातारा मासा धरावा आणि बारकी पोरं वाढायला सोडावीत. इथे उलटं आहे. आणि हे इतकं झालंय की डीएनआरने गेल्या काही वर्षांत दोनशेहून जास्त तळ्यांवर सनीची मर्यादा २० वरून १० किंवा ५ वर आणलीय. आमच्या तळ्यावर अजून २० आहे. म्हणजे तिथे काय ठेवायचं ते आपल्यावर आहे.

त्या रात्री जेवताना बाबा फारसे बोलले नाहीत. मासा त्यांना आवडला होता हे दिसत होतं. नंतर बाहेर खुर्चीवर बसून म्हणाले, 'बाय, वलगण आठवते का तुला?' का नाही आठवणार. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पऱ्याला लाल पाणी यायचं आणि मासे अंडी घालायला पाण्याविरुद्ध वर शेतात चढायचे, अख्खी वाडी बॅटऱ्या, कोयत्या आणि टोपल्या घेऊन बाहेर. पोटं गाबोळीने टम्म फुगलेली. मी फ्रॉकमध्ये मासे भरून आणलेत. बाबा म्हणाले, 'समुद्रावर आपण जून-जुलै होड्या बंद ठेवतो, नारळी पुनवेला नारळ टाकल्याशिवाय आमच्या आज्याच्या वेळचे लोक पाण्यात जात नव्हते. आणि पऱ्यावर मात्र आपण नेमके तेव्हाच धरले. आता पऱ्यात वलगण चढत नाही.' मी काही बोलले नाही. तळ्यावर लून पक्षी ओरडत होते, लांबून रडल्यासारखा आवाज येतो तो, साडेनऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पट्टी मागितली आणि तिच्यावर आपली वीत ठेवली. नऊ इंच. माझी आठ. लेकीची साडेपाच. 'तुझी वीत भरली की सोडायचा, हिची वीत भरत नसेल तरी सोडायचा. मधले ठेवायचे,' एवढंच म्हणाले, आणि घरट्यांच्या वाळूवर आमच्या घरचं कोणी गळ टाकत नाही हे पण तेव्हाच ठरलं. मधले म्हणजे सहा-सात इंची, ते तळ्यात भरपूर असतात, थोडे कमी झाले तर उरलेल्यांना खायलाच मिळतं.

ते मधले धरायचे तर घरट्यांपासून लांब जावं लागतं आणि खरी कला तिथे लागते. धक्क्यावर दिवसभर बारकेच असतात. आम्ही शोधत शोधत शिकलो. पाणवनस्पतींचा पट्टा जिथे संपतो आणि तळ एकदम खोल जातो ती कड, दहा ते पंधरा फूट पाणी, तिथे बोट नांगरायची. ठरावीक खोलीला थांबणारा सरकता बॉबर लागतो, नाहीतर दोरी फेकताच येत नाही. साध्या हुकऐवजी बारीक जिग, म्हणजे वजन जोडलेला हुक, एक औंसाचा बत्तिसावा भाग एवढं वजन, त्यावर मेणकिडा. आधी तळापर्यंत सोडायचं, मग एक एक फूट वर घेत बघायचं, एकदा खोली सापडली की सगळे तिथेच असतात. वारा हलका असला तर बोट वाहू द्यायची आणि कडेकडेने जायचं. कधी मधेच क्रॉपी लागतो, त्याचं तोंड कागदासारखं पातळ, जोरात ओढला तर फाटतं, त्याला हळूच उचलून खालून जाळी लावायची. त्याची मर्यादा वेगळी, १०. लाल डोळ्यांचा रॉक बास लागला की लेक आजोबांच्या नावाने ओरडते, कारण ते तो मासा बिडाच्या तव्यावर करतात आणि म्हणतात लोक उगाच टाकून देतात.

दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. वजनं शिशाची वापरत नाही, कथलाची नाहीतर टंगस्टनची. लून तळातले खडे गिळतात, पचनासाठी, त्यात शिशाचा एखादा दाणा गेला तरी तो पक्षी मरतो. आमच्या तळ्यावर लूनची एकच जोडी आहे, जूनमध्ये पिल्लू आईच्या पाठीवर बसून फिरतं, ते बघितल्यावर शिशाची डबी मी परत उघडलेली नाही. आणि उरलेली गांडुळं जंगलात किंवा पाण्यात टाकायची नाहीत, कचऱ्यातच टाकायची. बाबांना हे आधी पटेना, गांडूळ शेतकऱ्याचा मित्र ना. पण हिमयुगात इथला प्रदेश बर्फाखाली होता, त्यामुळे इथल्या जंगलात गांडुळं मुळात नव्हतीच, बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकतात आणि त्या थरात उगवणारी रोपं मरतात. एका ठिकाणचा जीव दुसरीकडे सोडला की काय होतं याची ब्लूगिलची स्वतःचीच गोष्ट आहे. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो शिकागोला आले होते, महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले, जपानने ते खाण्यासाठी वाढवले आणि ते तळ्यांत सुटले, तिथले मूळ मासे त्यांनी खाऊन टाकले. २००७ मध्ये सम्राट म्हणून अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. इथे घरट्यावर राखण करणारा तोच मासा तिथे उपद्रव झाला.

आता खायचं. इथले लोक फिले काढतात, सहा इंची माशाचे पापडाएवढे दोन तुकडे निघतात आणि बाकी जातं, मला ते बघवत नाही. आम्ही अख्खा करतो. चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायचे, डोकं आणि पोट काढायचं, पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंनी सुरीने खोल चीर द्यायची आणि पर धरून पुढे ओढायचा, त्याबरोबर पाठीतले बारीक काटे सगळे निघून येतात. हे आजोबांनी शिकवलं. पुढचं आमचं, अंगावर तिरक्या चिरा, कोकमाचं आगळ, हळद, मीठ, घरचं तिखट, आलं-लसणाचं वाटण, अर्धा तास ठेवून तांदळाचं पीठ आणि रवा लावून बिडाच्या तव्यावर. मांस पांढरंशुभ्र, गोडसर, मुडदुशीच्या जवळ जाणारं. मातीचा वास बिलकुल नाही, थंड स्वच्छ पाणी आहे ना. बाबांनी पहिला घास घेतला, मग काटे बाजूला ठेवत शांतपणे चार मासे खाल्ले. आजोबांच्या बायकोने आगळाची बाटली मागून नेली. इथल्या आरोग्य खात्याच्या तक्त्यात पण सनी आणि क्रॉपी हे वॉलाय-पाइकपेक्षा कमी पारा असलेल्या माशांत येतात, त्यामुळे लेकीला द्यायला मन कचरत नाही.

हिवाळ्यात पण एकदा गेलो, जानेवारीत, बर्फावर. चालायला निदान चार इंच चांगला घट्ट बर्फ लागतो, आजोबा दर थोड्या पावलांवर भोक पाडून मोजत होते. थंडीत सनी इतका हळू खातो की बॉबर हलत नाही, रॉडच्या टोकाला बारीक स्प्रिंग लावतात, ती केसभर वाकली की समजायचं. मला त्या थंडीचं प्रेम नाही जडलं, लेकीला जडलं.

२०२४ च्या जूनमध्ये बाबा गावी होते. लेक तेव्हा दहा वर्षांची. लव्हाळीच्या बाहेरच्या बाजूला आम्ही मधले धरत होतो, सात झाले होते, आणि बोट वाऱ्याने हळूहळू आत, वाळूच्या कडेला सरकली हे आमच्या लक्षात आलं नाही. तिचा बॉबर आडवा गेला. रॉड पाण्यापर्यंत वाकला. तिने घाई केली नाही, वळवून वळवून आणला, हात ओला केला, काटे दाबून धरला. गडद, जवळजवळ जांभळा, छाती तांबडी, कपाळावर मांसाचा उंचवटा, मोठ्या नराला असतो तसा. मी वीत लावली, करंगळीच्या पुढे शेपूट उरली. पट्टीवर नऊ आणि वर जरासं.

'आपल्या आजोबांच्या वितीएवढा,' ती म्हणाली, म्हणजे बाबांच्या.

चिमट्याने हुक काढला, दांडी बाहेर होती, रक्त नाही. तिने दोन्ही हात पाण्यात बुडवून त्याला सरळ धरला, कल्ले दोन-तीनदा उघडमिट झाले आणि तो निसटला. गॉगल तिच्याच डोळ्यांवर होता, ती बोटीच्या काठावर पोट टेकवून बघत होती. मी विचारलं कुठे गेला. ती बोलेना. मग हळूच म्हणाली, 'आई, थाळीवर तीन बारके आलेत.' आणि लगेच, 'गेले. त्याने हाकलले.'

मी गॉगल मागितला तर तिने दिला नाही.

रात्री बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ होती, कौलांवर पाऊस वाजत होता तो ऐकू येत होता. तिने सगळं सांगितलं, किती फूट पाणी, कुठला हुक, कसा ओढला. बाबांनी एकच विचारलं, परत जाऊन उभा राहिला का. ती म्हणाली हो, शेपूट हलवत होता.